ठाण्यात पिनहोल छायाचित्रणाचा एकदिवसीय मेळावा कसा भरवावा

ज्यांचे बालपण कौलारू घरात गेले, त्यांनी सारवलेल्या जमिनीवर दुपारी पडणारे गोल कवडसे पाहिलेले असतात. कौलांमधली फट तिरकी असो, त्रिकोणी असो वा वेडीवाकडी, कवडसा मात्र गोलच पडतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी तेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली भिंतीवर दिसते तीही याच न्यायाने. शालेय विज्ञानात ज्याला आपण सूचिछिद्र (पिनहोल) कॅमेरा म्हणून शिकलो, तो हा कवडसा डब्यात पकडून प्रकाशसंवेदी कागदावर उमटवतो. त्याला भिंग लागत नाही, बॅटरी लागत नाही. लागतो तो वेळ आणि अंधार.

हा छंद जोपासणारी मंडळी ठाणे, डोंबिवली, पनवेल, पुणे, नाशिक अशी विखुरलेली असतात आणि बहुतेक जण घरच्या न्हाणीघरात एकट्यानेच काम करतात. त्यांना एका दिवसासाठी एकत्र आणायचे असेल, तर कोणकोणत्या गोष्टी आधी ठरवाव्या लागतात ते येथे लिहीत आहे. मेळावा म्हटले की आपल्याकडे प्रथम सभागृह, भाषणे आणि अल्पोपाहार यांचा विचार होतो. पिनहोलच्या मेळाव्यात प्रथम विचार करावा तो अंधाऱ्या खोलीचा, कारण तिच्या मापावरूनच बाकी सर्व ठरते.

किती जणांना बोलवावे

पहिल्या खेपेस आम्ही तीस जणांना बोलावले होते आणि दुपारी एक वाजता दहा-बारा जण आपापले भरलेले डबे हातात घेऊन बंद दाराबाहेर उभे होते. त्यातले काही जण एकही चित्र न पाहता परतीच्या गाडीला गेले, आणि ते आजही मनाला लागून आहे. त्यानंतर आम्ही हिशेब मांडला. साधारण न्हाणीघराएवढ्या खोलीत तीन ट्रे मांडले, तर एका वेळी तिघांनी काम करणे सुखाचे होते. आरसी (प्लास्टिकचा लेप असलेला) कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, सुमारे दीड मिनिट, मधल्या पाण्यात अर्धा मिनिट आणि फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र कायम करणाऱ्या द्रावणात, दोन ते तीन मिनिटे राहतो. आत जाणे, दार लावून घेणे, डबा उघडणे आणि पुढचा कागद भरून बाहेर येणे धरले, तर तिघांच्या एका तुकडीला दहा मिनिटे लागतात. म्हणजे तासाला सहा तुकड्या, अठरा माणसे. अठरापेक्षा एकही जास्त नाव घेऊ नये.

या हिशेबातून वेळापत्रक आपोआप तयार होते. प्रत्येक तुकडीला तासातली ठरावीक दहा मिनिटे नेमून द्यावीत: पहिल्या तुकडीला तास सुरू होताच, दुसरीला दहा मिनिटांनी, याप्रमाणे. पहिल्या तासात सर्वांनी फक्त कागद भरून घ्यावा; दुसऱ्या आणि तिसऱ्या तासात आधीचा कागद धुऊन नवा भरावा; चौथ्या तासात शेवटचा धुवावा. सकाळी साडेआठला आरंभ केला, तर साडेबारापर्यंत प्रत्येकाच्या हाती तीन चित्रे पडतात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये चित्र घेण्यासाठी पन्नास मिनिटे मोकळी मिळतात. म्हणूनच जागा अशी हवी की चित्र घेण्याजोगा परिसर दहा मिनिटांच्या चालीवर असेल. नौपाड्यात मासुंदा तलावाजवळच्या एखाद्या शाळेची प्रयोगशाळा किंवा गृहनिर्माण संस्थेचे छोटे सभागृह मिळाले, तर त्याहून चांगले काही नाही. तलावपाळीची झाडे, कठडे, नांगरलेल्या होड्या, कोपिनेश्वर मंदिराचा परिसर आणि गडकरी रंगायतनाची वास्तू हे सर्व पायी गाठता येते. येऊरचे जंगल मोहात पाडते, पण तेथे एकदा गेलेली तुकडी वेळेत परत येत नाही. शिवाय तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने प्रवेशाचे नियम निराळे आहेत.

दिवस कोणता धरावा

एप्रिलचा शेवटचा रविवार जगभर पिनहोल छायाचित्रणाचा दिवस म्हणून २००१पासून पाळला जातो आणि त्या दिवशी आपणही एखादे चित्र अवश्य घ्यावे. मात्र ठाण्यात पूर्ण दिवसाचा मेळावा त्या तारखेला ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलअखेर येथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. अशा उजेडात इमारतींना सावल्या उरत नाहीत आणि चित्र सपाट येते. शिवाय दार-खिडक्या बंद केलेल्या खोलीत त्या दिवसांत दहा मिनिटे उभे राहणेही कठीण होते. जानेवारीत दुपारी बारा वाजताही सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दिवसभर तिरपा उजेड मिळतो. जानेवारीतला एखादा रविवार, संक्रांतीच्या मागचा किंवा पुढचा, हा माझ्या दृष्टीने उत्तम दिवस.

रविवार म्हटला की मेगाब्लॉक आला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर किंवा ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक कोठे आणि किती वाजता आहे हे एक-दोन दिवस आधी जाहीर होते. ते पाहून कर्जत, कसारा आणि पनवेलकडून येणाऱ्यांना कोणती गाडी धरावी हे आदल्या संध्याकाळी कळवावे. ब्लॉक बहुधा उशिरा सकाळी सुरू होतो, त्यामुळे साडेआठचा आरंभ येणाऱ्यांच्या सोयीचा ठरतो. परतीची वेळ मात्र त्याप्रमाणे ठेवावी लागते.

डबे आणि छिद्रे

प्रत्येकाने आपला डबा घरून तयार करून आणावा. डबे बनवण्याची कार्यशाळा त्याच दिवशी ठेवली, तर अर्धी सकाळ तीतच जाते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, रसगुल्ल्यांचा गोल डबा किंवा मिठाईचा जाड पुठ्ठ्याचा खोका चालतो. पत्र्याच्या डब्याचे अंतरंग चकाकते आणि ती चकाकी कागदावर धूसर पट्टा म्हणून उमटते. म्हणून आतून चमक नसलेला काळा रंग द्यावा किंवा काळा चार्ट पेपर चिकटवावा. झाकणाच्या कडेने वायरमनची काळी टेप लावावी. छिद्रावरची झडप म्हणूनही तीच टेप पुरते, पण तिचे टोक दुमडून ठेवावे, म्हणजे उघडताना डबा हलणार नाही.

छिद्र हे या कामाचे मर्म आहे, त्यामुळे त्यावर घाई करू नये. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधून दोन बोटे रुंदीचा चौकोन कापावा, जाड पुठ्ठ्यावर ठेवून मधोमध सुईच्या टोकाने अलगद दाबावे, मागच्या बाजूला आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा, आणि पुन्हा दाबावे, पुन्हा घासावे. एका झटक्यात भोसकलेल्या छिद्राच्या कडा फाटतात आणि चित्र अंधूक येते. छिद्राचे माप डब्याच्या खोलीवर अवलंबून असते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १८९१मध्ये या विषयावर निबंध लिहिला होता. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र सोपे करून सांगायचे, तर छिद्रापासून कागदापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ०.०४५ ने गुणावे. अंतर १०० मिलिमीटर असेल तर छिद्र ०.४५ मिलिमीटर, ६४ असेल तर ०.३६. काही जण ०.०४५ ऐवजी ०.०३७ घेतात आणि किंचित अधिक रेखीव चित्र मिळवतात. छिद्र याहून फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे (छिद्राच्या कडेपाशी प्रकाश पसरल्यामुळे) चित्र उलट मऊ होते, ही गोष्ट नव्या मंडळींना आवर्जून सांगावी, कारण छिद्र जितके बारीक तितके चित्र स्पष्ट, असा समज सर्वांचा असतो.

माप तपासण्यासाठी पत्र्याचा तुकडा स्कॅनरवर १२०० डीपीआयने स्कॅन करावा. त्या मापात एक मिलिमीटरमध्ये सुमारे ४७ ठिपके बसतात, ०.४५ मिलिमीटरचे छिद्र एकवीस ठिपके रुंद दिसले पाहिजे. ते गोल आहे की लांबट, कडेला कुसळ राहिले आहे का, हेही तेथेच कळते. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवून तीत छिद्राचे माप, कागदापर्यंतचे अंतर आणि दोहोंचा भागाकार लिहावा. १०० भागिले ०.४५ म्हणजे सुमारे २२२. हा त्या डब्याचा एफ क्रमांक आणि पुढचा सारा वेळेचा हिशेब त्यावर चालतो. सकाळी ओळख करून देताना प्रत्येकाने आपल्या नावापाठोपाठ डब्याची ही चिठ्ठी वाचावी, असा आमचा परिपाठ आहे. तिच्यामुळे अनोळखी माणसेही पाच मिनिटांत एकमेकांच्या डब्यात डोकावू लागतात.

त्याच चिठ्ठीखाली ठळक अक्षरांत लिहावे: ‘आत छायाचित्राचा कागद आहे. कृपया उघडू नये.’ काळ्या टेपने गुंडाळलेला डबा सार्वजनिक जागी एकटा दिसला, तर लोकांना संशय येणे स्वाभाविक आणि योग्यही आहे. डब्यापासून कोणीही दूर जाऊ नये, रेल्वे स्थानकात डबा मांडू नये, आणि त्या भागातील पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी दिवस, वेळ, जागा आणि उपस्थितांची संख्या कळवणारे साधे पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. मंदिराच्या आवारात चित्र घ्यायचे असल्यास तेथील व्यवस्थापकांना विचारल्याशिवाय डबा ठेवू नये.

अंधारी खोली

खोली निवडताना भर दुपारी आत जाऊन दार लावून पाच मिनिटे उभे राहावे. सुरुवातीला काळोख पूर्ण वाटतो, पण डोळे सरावले की दाराखालून, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांतून, कडीच्या भोकातून उजेड दिसू लागतो. त्या प्रत्येक जागी काळा चार्ट पेपर किंवा जाड सतरंजी लावावी. दाराबाहेर दुसरा पडदा सोडून मध्ये एका माणसापुरती जागा ठेवली, तर ये-जा करताना आतल्यांचे कागद बिघडत नाहीत.

कृष्णधवल छपाईच्या कागदाला निळा आणि काही प्रमाणात हिरवा प्रकाश कळतो, तांबडा कळत नाही. म्हणून आत तांबडा दिवा चालतो. परंतु बाजारात मिळणारा प्रत्येक तांबडा दिवा निखळ तांबडा नसतो. एका वर्षी नवा दिवा न तपासता लावल्यामुळे आमचे पूर्ण पाकीट करडे पडले. तपासण्याची रीत सोपी आहे: कागदाचा तुकडा जेथे काम होणार तेथे ठेवावा, त्यावर एक नाणे ठेवावे, दिवा लावून पाच मिनिटांनी तो कागद डेव्हलपरमध्ये टाकावा. नाण्याचा गोल उमटला, तर तो दिवा कामाचा नाही.

तिन्ही ट्रेंना वेगळ्या रंगाच्या टेपने खूण करावी आणि प्रत्येकाचा चिमटा वेगळा ठेवावा. फिक्सरचा चिमटा डेव्हलपरमध्ये एकदा जरी गेला, तरी डेव्हलपर खराब होतो. डेव्हलपरचे काम थांबवणाऱ्या ॲसिटिक ॲसिडच्या द्रावणाऐवजी (स्टॉप बाथऐवजी) मी साधे पाणी वापरतो आणि ते दर फेरीनंतर बदलतो, कारण कोंदट खोलीत त्या ॲसिडचा वास त्रासदायक होतो. हातमोजे सर्वांनी घालावेत. डेव्हलपरच्या पाकिटावर दिलेला वेळ बहुधा २० अंश सेल्सिअसचा असतो. ठाण्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी जानेवारीतही त्याहून उबदार असते आणि उबदार डेव्हलपर घाईने काम करतो. ट्रे मोठ्या परातीत ठेवून परातीत माठाचे पाणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ ठेवावा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये. पाणीकपातीचा दिवस येईल हे गृहीत धरून आदल्या रात्री दोन पिंपे भरून ठेवावीत, कारण शेवटची धुलाई नीट झाली नाही, तर काही महिन्यांत चित्रे पिवळी पडतात.

कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांपासून घरगुती डेव्हलपर बनवता येतो, आणि तो खरोखर काम करतो. तरीही अठरा जणांच्या मेळाव्यात तो वापरू नये. प्रत्येक वेळी त्याचा जोर बदलतो, आणि चूक छिद्रात आहे, वेळेत आहे की डेव्हलपरमध्ये, हे नवशिक्याला उमजत नाही.

कागद पाच बाय सात इंचांचा, माणशी पाच या हिशेबाने आणावा: तीन चित्रांसाठी, एक छपाईसाठी आणि एक चाचण्यांसाठी व चुकांसाठी. अठरा जणांना शंभरचे एक पाकीट पुरते.

उजेडाचा अंदाज

छपाईच्या कागदाची संवेदनशीलता आयएसओ ३ ते ६ इतकीच असते. एफ २२२ च्या डब्याला स्वच्छ उन्हात त्यामुळे अर्ध्या ते एका मिनिटाचा वेळ लागतो. मी पंचेचाळीस सेकंदांपासून आरंभ करायला सांगतो; मोकळ्या सावलीत त्याच्या आठपट, म्हणजे सहा मिनिटे. सकाळच्या कोवळ्या उन्हात निळा प्रकाश कमी असतो, म्हणून डोळ्यांना उजेड भरपूर वाटला तरी वेळ दीडपट-दुप्पट द्यावा. कागदावर छटा उलट उमटतात, म्हणून पहिले चित्र काळे आले तर वेळ निम्मा करावा, फिके आले तर दुप्पट. थोडाथोडका फरक कागदावर दिसतही नाही.

या कागदाची नजर आपल्या नजरेपेक्षा निराळी असते, हे समजून विषय निवडला तर निराशा टळते. त्याला मुख्यतः निळेच दिसत असल्यामुळे छपाईत आकाश कोरे पांढरे येते, कौले आणि जास्वंद जवळजवळ काळी येतात, आणि हिवाळ्यातल्या धुरक्यात दूरचे डोंगर विरून जातात. तलावाचा विस्तार टिपण्याच्या हौसेने गेलेले बहुतेक जण कोरा कागद घेऊन परततात. त्याउलट डबा जमिनीवर ठेवून वडाच्या पारंब्या, पायऱ्यांची कड, सायकलचे चाक अशी हातभर अंतरावरची वस्तू घेतली, तर ती आणि तिच्या मागचा देखावा दोन्ही सारखेच स्पष्ट येतात, कारण छिद्राला जवळ-लांब असा भेद नसतो. चालणारी माणसे एका मिनिटाच्या चित्रात उमटत नाहीत. गजबजलेली तलावपाळी निर्मनुष्य दिसते. माणसाचे चित्र हवे असेल, तर त्याला भिंतीला पाठ टेकवून बसवावे, हात मांडीवर ठेवायला सांगावे आणि आपण मोठ्याने आकडे मोजावेत. मोजणी ऐकू आली की माणूस स्थिर राहतो.

डबा हातात धरू नये. कठड्यावर ठेवून वर वाळूची छोटी पुरचुंडी ठेवली की वाऱ्याने हलत नाही.

दुपार

धुतलेली चित्रे दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगावीत. ही चित्रे उलट छटांची, म्हणजे निगेटिव्ह असतात. शिवाय त्यांत डावे-उजवे बदललेले असते, त्यामुळे दुकानाच्या पाटीवरची अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. जेवणानंतर प्रत्येकाने आपले एक चित्र निवडून त्याची संपर्क छपाई करावी: नवा कागद चकचकीत बाजू वर करून ठेवावा, त्यावर वाळलेले निगेटिव्ह चित्राची बाजू खाली करून ठेवावे, वर काच ठेवून दोन-तीन सेकंद पांढरा दिवा लावावा आणि कागद धुवावा. छटा आणि दिशा दोन्ही सरळ होतात. भ्रमणध्वनीवर फोटो काढून रंग उलटवणे झटपट होते, पण डेव्हलपरमध्ये स्वतःचे चित्र वर येताना पाहणे निराळे, आणि लोक इतक्या लांबून येतात ते त्यासाठीच.

ज्यांची पाळी यायची असेल त्यांच्यासाठी सभागृहाची खोलीच कॅमेरा करावी. सर्व खिडक्या पुठ्ठ्याने झाकून एका पुठ्ठ्यात दीड सेंटिमीटरचे भोक पाडावे, दिवे मालवून दहा मिनिटे शांत बसावे. समोरच्या इमारती, वाळत घातलेले कपडे, जाणारी रिक्षा हे सारे उलटे होऊन भिंतीवर रंगीत उमटते. अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी ग्रहणाचा अभ्यास करताना छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. ते सांगायचे असेल तर याच काळोखात दोन मिनिटांत सांगावे. वेगळे भाषण ठेवू नये.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नये. त्यात कागदावरची चांदी विरघळलेली असते, आणि येथल्या मोरीचे पाणी शेवटी खाडीलाच मिळते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये घोषित झाले आणि २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आपल्या छंदाचा भार त्या पक्ष्यांवर पडता कामा नये. फिक्सर झाकणाच्या कॅनमध्ये भरून, नाव लिहून, चांदी काढून घेणाऱ्याकडे द्यावा. एक्स-रे फिल्म धुणाऱ्यांकडे विचारल्यास असा माणूस सापडतो.

निघण्यापूर्वी उरलेल्या कागदाचे तुकडे लहान डब्यांत भरून प्रत्येकाला एक द्यावा. तो घरी गच्चीच्या कठड्याला किंवा खिडकीच्या गजाला दक्षिणेकडे तोंड करून, थोडा वर कलता असा घट्ट बांधावा, झडप उघडावी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याला हात लावू नये. रोजचा सूर्य त्या कागदावर एकेक रेघ ओढत जातो आणि कागद डेव्हलपरशिवायच काळवंडत राहतो. वर सज्जा असल्यास उन्हाळ्यातल्या उंच सूर्याच्या रेघा अडतात, म्हणून गच्ची अधिक बरी. पावसाआधी डबा उतरवून कागद मंद उजेडात बाहेर काढावा, न धुता लगेच एकदाच स्कॅन करावा आणि काळ्या पाकिटात ठेवावा. बांधल्याची तारीख मात्र डब्याच्या आतच पेन्सिलीने लिहावी. बाहेर लिहिलेली शाई उन्हाने उडून जाते.